शेडगेकाकांची रसद

कुठलंही कार्य असो, शेडगेकाका आधी मांडवाच्या मागं जातात. लग्न, बारसं, वास्तुशांत, नाहीतर आमच्या सोसायटीचा गणपती. नवरा-नवरी राहिली स्टेजवर, यजमान राहिले दारात हात जोडून. काका पाण्याचे जार ओलांडत थेट आचाऱ्याच्या भट्टीपाशी. तिथं ते काय करतात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. बाहेर येतात तेव्हा मात्र चेहऱ्यावर समाधान मावत नाही. म्हातारा गरम जिलेबीचा पहिला घाणा मारून येतो, यावर आमच्या सोसायटीत एकमत होतं. हा शोध माझा. मी सेक्रेटरी असल्यामुळं तो लवकर पसरला.

सोसायटी आमची चऱ्होलीत. जिथं परवापर्यंत ऊस उभा होता तिथं आता आम्ही उभे आहोत, आणि उसाला मिळत होतं तेवढंही पाणी आम्हाला मिळत नाही. मी मूळचा बीडकडचा, चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. काका साताऱ्याकडचे. भोसरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपला उभा जन्म काढून रिटायर झाले आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. काकू येऊन वर्षभरात गेल्या. मुलगा माण गावाकडं आयटीत आहे, तिकडंच राहतो, सणावाराला येतो. म्हणजे काका एकटेच. पण एकटा माणूस इतका आवाज करू शकतो हे त्यांना बघितल्याशिवाय पटायचं नाही.

सकाळी टँकर गेटात शिरला की गॅलरीतून हाक येते, "सेक्रेटरी, रसद आली!" लिफ्ट बंद पडली की रसद तुटली. दूधवाला उशिरा आला तरी रसद तुटली. एकदा जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सवरून हातघाईची वेळ आली होती, तेव्हा काका मध्येच उठून म्हणाले की या माणसांना आधी चहा द्या, उपाशी माणूस भांडतो नाहीतर पळतो. चहा दिला. ठराव मंजूर झाला. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगला चहा असतो आणि त्याचं श्रेय मी घेतो.

हे सगळं त्यांच्या वडिलांकडून आलेलं. आबा फौजेत होते. "आमचे आबा एकाहत्तरला मशिनगनवर होते," असं काका सांगत. हे एक वाक्य झालं की पोरं सरसावून बसायची, आता धडाधड सुरू होणार म्हणून. आणि काका सुरू व्हायचे ते डाळीवर. उंचावर डाळ शिजत नाही. तासन् तास उकळली तरी दाणा टणक. भाताचंही तेच. दिवसा चूल पेटवायची सोय नाही, कारण धूर दिसला की पलीकडून गोळा आलाच. म्हणून पुऱ्या. पुऱ्या टिकतात, खिशात मावतात, गार झाल्या तरी खाता येतात. पुऱ्यांवरून गाडी बटाट्यावर, बटाट्यावरून चहाच्या पत्तीवर.

माझी लेक एकदा कंटाळून म्हणाली, "काका, पण गोळी कधी मारली?"

"मारतील की गं. आधी जेवण तर होऊ दे."

ते जेवण काही कधी झालं नाही. आम्ही हसायचो. इतक्या वर्षांत त्यांच्या लढाईत एक गोळी सुटली नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. स्टोअरमध्ये एक बोल्ट कमी पडला तर मला कळतं, इथं अख्खी लढाई कमी होती.

मग टीव्हीवर त्या मालिकेच्या जाहिराती सुरू झाल्या. एकाहत्तरची लढाई, डोंगर, बर्फ, पाठीमागं ढोल. आमच्या ग्रुपवर जो तो तीच क्लिप टाकायला लागला आणि खाली लिहायला लागला, "आपल्या शेडगेकाकांचे आबा!" माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. पहिला भाग रविवारी संध्याकाळी होता. मी ठरवलं की पार्किंगमध्ये पडदा लावायचा, सगळ्यांनी मिळून बघायचं, आळंदीचा आचारी सांगायचा, पुलाव आणि जिलेबी. आणि मध्येच शाल-श्रीफळ देऊन काकांचा सत्कार. वीरपुत्र म्हणून.

माणूस खूश होईल असं वाटलं होतं. काकांचा चेहरा पडला. आधी म्हणाले, असल्या मालिका बोगस असतात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पार्किंगची वायरिंग कच्ची आहे, पडदा लावला की फ्यूज उडेल. मी इलेक्ट्रिशियन बोलावून तपासून घेतली. मग त्यांना एकाएकी भजनाचा पुळका आला. त्यापेक्षा आळंदीची वारकरी विद्यार्थी मंडळी बोलवा, पखवाज ऐकू. ज्यांनी जन्मात कधी टाळ धरला नाही ते काका मला पखवाजाचं महत्त्व सांगत होते. मला वाटलं, लाजतायत. काय पण विनय आहे माणसात, असं मी बायकोलाही म्हणालो.

शुक्रवारी ते दारात आले. आत येत नव्हते, जातही नव्हते. "सेक्रेटरी, एक सांगायचं होतं. आबांचं." मी फोनवर होतो, खुर्च्यावाल्याशी घासाघीस चालली होती. मी हातानंच थांबा म्हटलं, आणि फोन झाल्यावर त्यांना बोलूच दिलं नाही. काका, तुम्ही काही काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोडा, असं म्हणून खांद्यावर हात ठेवून त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवलं. वर त्यांच्या घरात शिरून भिंतीवरचा आबांचा फोटोही मीच खिळ्यावरून काढला. त्यांनी अडवायला हात पुढं केला होता. तो हात मला दिसला होता, हे आज लिहिताना अंगावर काटा येतो.

फोटो फ्रेममध्ये छातीपर्यंतच होता. खालची कड वाकडीतिकडी, कात्रीनं कापल्यासारखी. वर मिशा, टोपी आणि फौजी फोटोत सहसा नसतं ते तोंडभर हसू. भोसरीच्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं, खाली बॉडी कुठली लावू? त्याच्याकडं कॉम्प्युटरवर बॉड्या तयार होत्या: दुर्बीणवाली, रणगाड्यावरची, मशिनगनवाली. मी मशिनगनवाली घेतली. आबांना सिनेमातल्या नटाची छाती मिळाली आणि हातात नव्या जमान्याची बंदूक. खाली रीतीप्रमाणं कमिटीच्या सगळ्या सभासदांचे फोटो. माझा गॉगल घातलेला, आबांपेक्षा जरा मोठाच आला होता.

रविवारी पार्किंग भरलं. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. फ्लेक्स त्यांच्या उजव्या हाताला. त्यांनी एकदा तो बघितला आणि पुन्हा तिकडं मान वळवली नाही. सत्कार पहिल्या ब्रेकमध्ये करायचं ठरलं होतं, म्हणून शाल आणि नारळ घेऊन मी शेजारीच बसलो.

मालिका सुरू झाली. डोंगर आला, बर्फ आला. मशिनगन धडधडली तसं सगळं पार्किंग काकांकडं बघायला लागलं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या लेकीनं वाकून विचारलं, "काका, हे आबा का?" काका मांडीवरच्या हातांकडं बघत बसले. कान लाल झाले होते.

मग गोळीबार थांबला. पुढच्या दृश्यात जवान खंदकात जेवत होते. समोर स्टीलच्या ताटल्या, ताटल्यात टम्म फुगलेल्या पुऱ्या, वाटीत वाफाळणारी डाळ. एकजण बायकोची आठवण काढत होता, बाकीचे हसत होते. आणि काकांनी मान वर केली.

"ह्या पुऱ्या आल्या कुठनं?"

मला वाटलं मला विचारतायत. मी हसलो. काका उठले आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या शर्टावर पडला, आणि त्या पुऱ्या आता त्यांच्या पोटावर दिसत होत्या. मागून "काका, बसा ना" असं झालं. ते बसले नाहीत.

"खंदकात काय झाडाला लागत्यात व्हय पुऱ्या? खाली अंधारात चूल पेटवायची, लाटायच्या, तळायच्या, आन् पुऱ्यांनी भरलेली मोठी डेग पाठीला बांधून वर चढायचं. गोळा पडला तरी डेग सोडायची न्हाई. हे सगळं ज्यानं केलं त्यो कुठाय ह्यात? एक माणूस दाखवला न्हाई त्यांनी. एक न्हाई."

कुणीतरी आवाज बंद केला. मागं भट्टीचा फरफर आवाज तेवढा येत होता.

"आमचे आबा मशिनगनवर नव्हते," काका म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पलटणीच्या लंगरात आचारी होते. बंदूक त्यांनी हातात धरली असंल नसंल, मला म्हाईत न्हाई. मी खोटं सांगत आलो. मला लाज वाटायची."

एवढं बोलून ते खुर्च्यांच्या कडेनं निघून गेले. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली. ब्रेक झाला होता, सत्काराची वेळ झाली होती, आणि मी मांडीवर शाल-नारळ घेऊन बसलो होतो. शेजारी आबा माझ्याच पसंतीची मशिनगन धरून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुन्हा त्यांचा म्हणावा तर तो माणूस शुक्रवारी माझ्या दारात तेच सांगायला आला होता. मी खुर्च्यांचा भाव करत होतो.

उरलेली मालिका कुणी धड बघितली नाही. लोक कुजबुजत ताटाकडं वळले. मी काकांना शोधायला घरी गेलो, कुलूप होतं. गेटवर विचारलं, बाहेर गेले नव्हते. मग सुचलं आणि मी पडद्याच्या मागं गेलो.

तिथं आळंदीचा आचारी एका पालथ्या कॅरेटवर बसून जेवत होता. काका त्याच्यासमोर उभे राहून त्याला वाढत होते. पुलाव वाढला, जिलेबी वाढली, तो नको म्हणत असताना आणखी एक वाढली. आचारी मला बघून गडबडीनं उठायला लागला. काकांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि मला म्हणाले, त्याचं होऊ दे. तो बिचारा म्हणाला, साहेब, मी कधी आधी जेवत नाही, पण हे काका मागच्या गणपतीलाही असेच आले, तुम्ही जेवलात का म्हणाले, आणि बसवूनच सोडलं.

जिलेबीचा घाणा. गरम जिलेबीचा पहिला घाणा, असं मी गावभर सांगितलं होतं. मला काकांच्या तोंडाकडं बघवेना.

आचारी हात धुवायला गेला तेव्हा मी म्हटलं, काका, चुकलं माझं. फ्लेक्स आत्ताच्या आत्ता काढतो. ते कॅरेटवर बसले आणि भट्टीकडं बघत बोलायला लागले.

"त्या फोटोत खाली झारा होता. ह्येवढा. दोन्ही हातात धरून आबा हसत होते. आमच्या गावात घरटी एक फौजी. शाळेत मास्तरांनी सांगितलं, आपापल्या वडलांचे फोटो आणा, भिंतीला लावू. कुणाचे बाप बंदुका घेतलेले, कुणाचे रणगाड्यावर. मी घरात बसून कात्री लावली आन् मशिनगनवर होते म्हणून सांगितलं."

"आबांना कळलं?"

"सुट्टीवर आले, फोटो हातात घेतला. मला वाटलं आता पट्टा निघतोय. तर म्हणाले, बरं केलंस, पोट दिसत न्हाई आता. आन् दुसऱ्या दिवशी स्वतः वाईला जाऊन काच बसवून आणली." काका जरा हसल्यासारखे झाले. "पुढं माझे दोस्त घरी आले की विचारायचे, आबा, मशिनगन कशी असते? ते माझ्याकडं बघायचे आन् म्हणायचे, लई जड असते बाबांनो. मरंस्तवर त्यांनी मला खोटं पाडलं न्हाई."

पलीकडं ताटांचे आवाज येत होते. कुणीतरी मला सेक्रेटरी म्हणून हाका मारत होतं, गोड संपलं का विचारायला. मी ओ दिली नाही.

"पलटणीत शे-दीडशे माणसांना वाढलं त्यांनी. घरी आले तरी तेच. मी सेकंड शिफ्ट करून येवो, थर्ड करून येवो, दारातच विचारायचे, जेवलास का रं? मी हो म्हणायचो, न्हाई म्हणायचो, आत निघून जायचो." झाऱ्याला लागलेला पाक त्यांनी बोटानं पुसला. "मी त्यांना एकदा बी उलटं विचारलं न्हाई, सेक्रेटरी. जगातल्या सगळ्या आचाऱ्यांना विचारतोय आता."

माझ्या काखेत अजून ती शाल होती. ती त्यांना घालायची माझी छाती झाली नाही. मी ती कॅरेटवर ठेवली, एक ताट घेतलं आणि पातेल्याचं झाकण काढलं.

"काका, तुम्ही जेवलात का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई अजून," ते म्हणाले.