आधी शून्य दाखव!

महाडच्या बाजारात हमीदचाचांना कांदे विकायला कोणी राजी नसतं. कांद्यांना हात लावण्याआधी चाचा काट्याकडे बोट दाखवतात, "आधी शून्य दाखव." एकदा ताप आला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावला. डॉक्टरांनी निमूट बुडवला, कारण बाहेर रांग लागली होती.

कुवेतच्या कारखान्यात आयुष्यभर मापयंत्रं दुरुस्त करून आलेला हा माणूस. आता बाजारात खाली दुकान, वर घर. सर्किट बोर्डातलं त्यांच्याइतकं कळणारं इथे दुसरं कोणी नाही, हे माझं दुर्दैव.

मी पोलादपूरचा. पोल्ट्रीवाल्यांसाठी तापमानाचे कंट्रोलर बनवतो. सेन्सरकडून आलेलं व्होल्टेज बोर्ड आकड्यात बदलतो, आकडा वाढला की शेडमधले ऊब देणारे बल्ब बंद होतात. गेल्या थंडीत एका शेडमधला आकडा उड्या मारायला लागला. एकतीसचे क्षणात अडतीस! बल्ब बंद, आणि पिल्लं गारठून एकमेकांवर चढलेली. काही मेलीसुद्धा. शेडवाल्या ताई बल्ब थेट जोडून स्वतः पहाऱ्याला बसल्या आणि फोनवर रडायला लागल्या. मी बोर्ड उचलला आणि मोटारसायकलवरून थेट चाचांकडे.

"चाचा, एक कपॅसिटर टाकून द्या, आकडा स्थिर होईल. पिल्लं मरतायत हो!"

"आधी शून्य दाखव."

मी सेन्सर काढला, त्याची पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टेजला, जोडली. पडद्यावर शून्य. झालं? छे! चाचा दहा मिनिटं त्या शून्याकडे बघत बसले. मग चहा मागवला. चहा पिताना पुन्हा शून्य बघितलं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"बोर्ड चांगला हाय रे," शेवटी म्हणाले. "आकडा खोटं नाय बोलत. बाजूला कोण बडबडतंय, ते त्याला ऐकू येतं. सेन्सरची वायर कुठून नेलीस?"

पंख्याच्या मोटरच्या वायरीला बांधून नेली होती. दिसायला छान दिसते म्हणून. मोटर फिरली की तिचा गोंधळ सेन्सरच्या वायरीत शिरत होता.

"मग हे आधी विचारायचंत ना!" मी ओरडलोच.

"शून्य बघितल्याशिवाय कसं विचारणार?"

मी कपाळावर हात मारला आणि वायर वेगळी करायला ताईंना फोन लावला. चाचा आता कपॅसिटर जोडायला बसले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फळीवर मला त्यांचाच एक बोर्ड दिसला, आणि त्यावरचा आकडा नुसता नाचत होता. वा रे वा! लोकांना शहाणपण आणि स्वतःच्या दुकानात हे? मी एक कपॅसिटर उचलून तिकडे निघालो.

चाचांनी माझं मनगट धरलं. या माणसाला घाई करताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"त्याला हात नको लावू."

"अहो, वर चाचीच्या मोटरवाल्या शिलाई मशीनमुळे हलतोय तो!"

"ठाऊक हाय मला." चाचांचा आवाज खाली आला. "आजारपणात तुझ्या चाचीची वाचा गेली. पडली तरी हाक मारता येणार नाय तिला. आणि बाजाराच्या गोंगाटात मशीन मला इथे ऐकू येत नाय, म्हणून आकडा बघतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या दुकानात येतोय, आणि चाची कशी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

एवढ्यात आकडा थांबला. चाचा अर्धवट उठले, तापलेलं सोल्डरिंग आयर्न हातात तसंच. दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. आकडा जागचा हलेना. चाचा जिन्याकडे वळले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि आकडा पुन्हा थरथरला.

"दोरा बदलत होती," चाचा म्हणाले, आणि खाली बसले.