कोरा चेहरा आणि डावा कान

माझा चेहरा पत्ते खेळण्यासाठीच घडवला आहे. हातात राजे येवोत की रद्दी, त्याच्यावरची रेषसुद्धा हलत नाही. तरीही दर शनिवारी पोकरमध्ये मीच हरतो आणि आमच्या नियमाप्रमाणे सगळ्यांच्या कपबश्या मीच घासतो. दैव, दुसरं काय! (आमची ही म्हणते, "तुमचं खोटं असेल, माझं दैव उत्तम आहे.")

एरवी मी विद्यार्थी आहे. डोक्यावर विरळ झालंय, पण विद्यार्थीच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची नजर वाचताना ओळीवर कशी फिरते, कुठे अडते, हा माझा संशोधनाचा विषय. त्यासाठी विभागात एक खास चष्मा आहे. तो घालणारा जिथे बघेल तिथे व्हिडिओत लाल ठिपका उमटतो. मुलं बिचारी वेळेवर आली, मन लावून वाचून गेली. आता तुलनेसाठी सहज वाचणारी मोठी माणसं हवी होती आणि मोठ्यांना कधीच वेळ नसतो. गाइड मॅडमनी तर निर्वाणीचं सांगितलं होतं, "सोमवारी व्हिडिओ आले नाहीत तर मुदतवाढीवर सही विसरा." म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

दुसरी कुठलीही बायको म्हणाली असती, आधी ते पत्ते बंद करा. ही म्हणाली नाही. (तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) मग मीच ठरवलं, एका दगडात दोन पक्षी! चष्मा घरी आणायचा आणि आमच्या पोकरवाल्यांनाच वाचायला बसवायचं.

शनिवारी दुपारी मेहुणा आणि शेजारचे डेंटिस्ट आले. मेहुण्यानं उतारा घडाघडा वाचला. मग डेंटिस्टनी चष्मा चढवला आणि तेही वाचून मोकळे झाले.

"काढू का आता?"

"राहू द्या हो, शोभतोय तुम्हाला," मेहुणा म्हणाला.

मी पत्ते पिसण्यात गुंग होतो. मग डाव रंगला, मी एक जबरदस्त थाप मारली, हरलो आणि गुणगुणत कपबश्या घासल्या. व्हिडिओ मॅडमना न बघताच पाठवले. आत्मविश्वास म्हणतात तो हा.

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये पडद्यावर डेंटिस्टांचा लाल ठिपका ओळीमागून ओळ शिस्तीत चालला होता. मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात ठिपका कागदावरून उतरला, टेबल ओलांडून माझ्या चेहऱ्यावर आला. चेहरा दगडासारखा! मला अभिमानच वाटला. पण ठिपका तिथे थांबला नाही. तो डाव्या कानावर जाऊन बसला.

पडद्यावर मी ती जबरदस्त थाप मारली आणि कान हलला. माशी वारणाऱ्या म्हशीचा हलावा तसा!

पडद्यावरचा मी फोन घ्यायला गॅलरीत गेलो. मागे मेहुण्याचा आवाज आला, "ताई, दाजींना कानाचं सांगून टाकू या का एकदा?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "खबरदार! मग कपबश्या कोण घासणार?"

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. "हासुद्धा प्रयोगाचाच भाग का?"

"अर्थात, मॅडम! सहज वातावरणात मोठ्यांची नजर कशी फिरते, ते टिपायचं होतं," मी अगदी कोऱ्या चेहऱ्यानं म्हणालो.

मॅडम चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

मी कानावर हात ठेवला. "पत्ते खेळत होतो, मॅडम. चष्मा काढायचा राहिला."

"हं. आता कसं!" त्यांनी टोपण काढलं. "वाचनाचा भाग चांगला आलाय, तेवढाच ठेवा." आणि सही केली. मला अक्षरशः त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मी दारापाशी पोचलो तोच त्यांनी विचारलं, "शनिवारी किती वाजता बसता?"

"चारला. पण मॅडम, तुम्हाला पोकर येतं?"

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "पण समोर तुम्ही असल्यावर यायची गरज काय?"