आत्या, एक नग

बेटावरचा तो समुद्रकिनारा कुटुंबस्नेही होता. तसा मोठा फलकच दारावर लावलेला होता आणि फलकाखाली, फलक खरा असल्याचं प्रमाणपत्र काचेत बसवलेलं होतं. मी नोंदणी खात्यात एकवीस वर्षं काढलेली असल्यामुळे आधी प्रमाणपत्र वाचलं आणि मग समुद्राकडे बघितलं. दोन्ही व्यवस्थित दिसत होते.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, चौदा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा आणि आत्या. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मला आत्यानेच वाढवलं. आयुष्यभर तिने शाळेचे गणवेश शिवले. निळं कापड तिच्या हाताखालून मैलोन् मैल गेलं असेल, पण समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. यंदा तिला बहात्तरावं लागलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा गुडघाभर समुद्रात उभं राहायचंय मला. मग तुमचं काय ते चालू द्या." ही सहल तिच्या गुडघ्यांसाठी होती. निदान घरून निघताना तरी होती.

दाराशेजारच्या खिडकीत एक अधिकारी बसले होते. फुलाफुलांचा सदरा आणि त्यावर काळा टाय. त्यांनी आमच्यावरून पेन फिरवलं.

"चार आत. एक शिल्लक."

"शिल्लक कोण?" मी विचारलं.

"ते मी कशाला सांगू? नियम सांगतील." त्यांनी जाडजूड पुस्तिका उघडली. "कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि जास्तीत जास्त दोन मुलं. या कोण?"

"आत्या."

त्यांनी पुस्तिकेच्या मागची सूची काढली. 'आ'मध्ये 'आई' होती, तिच्यापुढे 'पाहा: इतर' असं लिहिलेलं होतं. आत्या नव्हतीच. त्यांनी 'इतर' काढलं. तिथे 'पाहा: सामान' असं होतं.

"आई म्हणजे नवऱ्याची की बायकोची?" बायकोने अभ्यासू चेहऱ्याने विचारलं.

"नियम भेदभाव करत नाहीत, ताई."

आत्या खिडकीपाशी सरकली. "अहो साहेब, याचं नाक मी पुसलंय. याला चड्डीचं पुढचं-मागचं मी शिकवलंय."

"त्याबद्दल खातं आपलं आभारी आहे," अधिकारी अदबीने म्हणाले. "पण आज तुम्हाला सोडलं, तर उद्या मावश्या येतील, परवा चुलते येतील. आमच्याकडचा स्नेह मर्यादित आहे. तो पुरवायचा कसा?"

युक्तिवाद बिनतोड होता. "मग यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"सामानघर आहे ना! सावली आहे, पंखा आहे. रीतसर पावती मिळेल."

या ठिकाणी मी काय बोलायला हवं होतं, ते मला आता उत्तम सुचतं. तेव्हा मी म्हणालो, "पावतीवर शिक्का असेल ना?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. कापड उलटं कातरलं गेलं की ती असंच बघायची. मग म्हणाली, "जा तुम्ही. पोरांचा खोळंबा नको."

पावती चोख होती. 'आत्या, एक नग. रंग गव्हाळ. स्थिती: वापरलेली, चालू. सामान पाण्यापासून शंभर पावलं दूर ठेवावे.' तिच्या मनगटाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली गेली आणि तिला आत नेण्यात आलं. दारावर 'उलटेपालटे करू नये' असं लिहिलेलं होतं, ते वाचून मला बरं वाटलं.

किनारा खरोखर सुंदर होता. नारळाची झाडं समान अंतरावर होती. मात्र पाणी आणि आमच्यामध्ये एक लांबलचक बाक होता आणि बाकाशेजारी पांढऱ्या टोपीतले स्नेह निरीक्षक गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते.

"बसा. पंधरा मिनिटं स्नेह दाखवायचा. दहा गुण झाले की घोट्यापर्यंत, वीस झाले की गुडघ्यापर्यंत पाणी."

"आणि पोहायचं असेल तर?" थोरलीने विचारलं.

"आजवर एवढे गुण कुणाला पडलेले नाहीत."

आम्ही बसलो. मी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. ती ओठ न हलवता म्हणाली, "आत्यांना तू सामानात टाकलंस."

"तू पण होतीस की तिथे!"

"भाचा तू आहेस."

शिट्टी वाजली. "एक वजा. आवाज गोड, मजकूर कडू."

थोरलीने कानात गाणी लावून आमच्याकडे पाठ केली. दोन वजा. मी तिला दटावलं, तीन वजा. बायकोने मला दटावलं, चार वजा. धाकट्याने मग स्पष्ट आवाजात विचारलं, "बाबा, मी मोठा झालो की तुला पण तिथेच ठेवायचं ना?"

निरीक्षक घुटमळले. "प्रश्न प्रेमळ नाही, पण दूरदृष्टीचा आहे. अर्धा गुण."

त्यांच्या सूचनेवरून आम्ही सगळे हसलोसुद्धा. निरीक्षक जवळ आले, त्यांनी चौघांचे दात पाहिले आणि 'हे हसू की दाढदुखी?' असं वहीत लिहून ठेवलं. पंधरा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली आणि आमचे गुण उणे नऊवर स्थिरावले.

"तुमचं कुटुंब तूर्त स्थगित करण्यात येत आहे," निरीक्षकांनी जाहीर केलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे या क्षणी तुम्ही चार सुटी माणसं आहात. आणि सुटी माणसं पाहा: इतर."

पुढचं मला पाठ होतं. दहाव्या मिनिटाला आम्ही चौघं मनगटाला चिठ्ठ्या बांधून सामानघराच्या फळीवर बसलेलो होतो. माझ्या चिठ्ठीवर 'स्थिती: किरकोळ बिघाड' असं होतं. थोरलीने तेवढ्यापुरती कानातली गाणी काढली, माझी चिठ्ठी वाचली आणि दिवसात पहिल्यांदा मनापासून हसली. ते हसू नोंदवून घ्यायला मात्र कुणी नव्हतं.

"आमची आत्या कुठाय?" मी सामानघरातल्या बाईंना विचारलं. "मघाशी ठेवली होती. एक नग."

"त्या गेल्या."

"कुठे गेल्या? कुणाच्या हवाली केल्यात? माझ्याकडे पावती आहे!"

"ओरडू नका, सामान ओरडत नाही. त्या कुटुंबात गेल्या."

झालं होतं असं. सामानघरात आत्यासारखे आणखी तीन नग होते. कुणाचे तरी सासरे, जे बसचालक म्हणून निवृत्त झालेले होते. कुणाची तरी आई, जी मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. आणि कुणाचा तरी टक्कल पडलेला, बिनलग्नाचा मामा. आत्याने भिंतीवरची नियमावली चष्मा लावून दोनदा वाचली. शिवणकामात वाया जाणारं कापड शोधायची तिला सवयच. नवरा, बायको, दोन मुलं असं तिथे लिहिलेलं होतं. वय कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने अर्ज मागवला. सासरे वडील झाले, परिचारिका आई झाली, मामा मुलगा झाला. आणि आत्याने स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'मुलगी, धाकटी.'

बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांना सहा मिनिटांत वीस गुण पडले. चौघांची ओळख जेमतेम अर्ध्या तासाची असल्यामुळे ते एकमेकांशी अतिशय प्रेमाने वागत होते.

सामानघराच्या उंच खिडकीतून, धाकट्याला खांद्यावर घेऊन मी बाहेर पाहिलं. आत्या कपडे खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती. लाट आली की किंचाळायची, गेली की पुढच्या लाटेला हाताने बोलवायची. मामा तिच्यावर पाणी उडवत होता. सासरे काठावरून, "धाकटे, फार आत जाऊ नकोस!" म्हणून ओरडत होते. ती मुद्दाम एक पाऊल आत गेली. तिला कुणी धाकटी म्हटल्याचं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं.

"आत्याआजी मस्त खेळतेय," धाकटा म्हणाला. बायकोने नाक ओढलं. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

संध्याकाळी किनारा बंद व्हायची घंटा झाली. सामान घेऊन जायचा अधिकार फक्त कुटुंबाला होता, म्हणून आत्याच्या कुटुंबाला बोलावण्यात आलं. ओल्या अंगाने चौघं दारात उभे राहिले. फुलांच्या सदऱ्यातले अधिकारी आमच्याकडे पेन रोखून म्हणाले, "या नगांपैकी तुमचे किती? एकापेक्षा जास्त नेता येत नाहीत. नियम बावीस."

नियम बावीस मी वाचलेला होता, तो पक्का होता. एकाला नेता येणार, तर माझा नंबर कितवा, हे मला कळत होतं.

"चारही माझे," आत्या म्हणाली.

"पण नियम—"

"तुमचा नियम तुमच्यापाशी. चल रे, ऊठ. पोरीची चप्पल कुठाय?" आणि तिने आमच्या मनगटांचे दोरे एकेक करून दाताने तोडले. अधिकारी पुस्तिकेत दाताने दोरे तोडण्याविषयी काही आहे का ते शोधत राहिले, तोवर आम्ही बाहेर पडलो होतो.

दाराबाहेर छायाचित्रकार थांबलेला होता. दिवसातल्या सर्वोत्तम कुटुंबाचा फोटो फलकावर लावायचा होता. आत्या, सासरे, परिचारिका आणि मामा एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. मला जरा बाजूला व्हायला सांगण्यात आलं. मी त्यांच्या चपला सांभाळल्या.

शेवटी अभिप्रायाचा कागद आला. मी पाच तारे दिले. व्यवस्था खरोखरच नियमाला धरून होती, आणि असं असताना तक्रार करायची नसते, हे मला एकवीस वर्षांत चांगलं समजलेलं आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. तुमच्याकडे असली पुस्तिका नाही, खिडकी नाही, पावती नाही. पण तुमच्या गेल्या सहलीचे फोटो एकदा काढून बघा. सगळ्यांत तेच चेहरे असतील, समुद्राकडे पाठ करून हसणारे. आता समोर कॅमेरा धरून कोण उभं होतं ते आठवा, आणि आठवायला किती वेळ लागला, तेवढं कुणाला सांगू नका.