अंगठ्याखालचं कार्ड

देवाजीभाऊ ओळखपत्र दाखवायचे ते अंगठ्याने झाकून. फोटो तेवढा उघडा. नाव, पत्ता, रक्तगट सगळं अंगठ्याखाली. वीज केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीच्या गेटवरचा शिपाई वैतागायचा. "भाऊ, अंगठा काढा ना!"

"काऊन? तोंड जुळलं ना? मंग झालं तं."

स्टोअरमधला हा बाबू कुणाला गावसुद्धा सांगत नसे. कुठले तुम्ही, विचारलं की "इकडचेच."

मग स्मार्ट कार्डं आली. कर्मचाऱ्यांना, घरच्यांनाही. गेट, बस, दवाखाना, सगळीकडे एकच. ते काम माझ्याकडे, त्यामुळे मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. कार्ड घातलं की पडद्यावर माणसाची अख्खी कुंडली!

भाऊ केबिनमध्ये आले, दार लावलं. "बापू, मायी पोरगी सिकलसेलवाली हाय, रक्ताची बिमारी. दवाखान्याचं गेटावर दिसलं तं कॉलनीभर होईन. नागभीडचं स्थळ येऊन राह्यलं. त्यायले आम्ही सांगू ना, घरी बसवून. गेटानं काऊन सांगावं?"

"भाऊ, ही आधुनिक पद्धत आहे."

"गेटले एवढंच पाहिजे, आपला माणूस हाय का नाई. कार्डानं हो म्हणावं अन् गप बसावं."

मी चक्क हसलो.

उद्घाटनाला साहेब, युनियनवाले, बायामंडळी. मी ऐटीत स्वतःचंच कार्ड घातलं. पडद्यावर माझा हसरा फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत: मूळव्याध, उपचार सुरू.

हशा थांबेना. कार्ड अडकलेलं, तेही निघेना. देवाजीभाऊ तेवढे हसले नाहीत. उठले, पुढे आले आणि पडद्यावर आपला पंजा ठेवून उभे राहिले. मी कार्ड ओढून काढेपर्यंत तो हात हलला नाही.

नंतर खटपट करून मी यंत्र बदलून घेतलं. बाकीचं सगळं कार्डाच्या पोटात. गेटावर फक्त हिरवा दिवा.

पहिल्याच दिवशी भाऊ पोरीला घेऊन आले. तिने कार्ड पुढे केलं, वडिलांसारखाच अंगठा दाबून. दिवा लागला. "जा बाई," शिपाई म्हणाला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"बस? एवढंच?" भाऊंनी मला हळूच विचारलं.

"एवढंच."

ते पोरीकडे वळले. "बेटा, अंगठा काढ आता. हात मोकळा सोड."

तिने सोडला. मग भाऊंनी आपलं कार्ड पुढे केलं, नेहमीसारखंच झाकून.