म्याडमचा कटवडा

बाळासोंच्या पांढऱ्या मिशीच्या डाव्या टोकाला तांदळाएवढा तेलाचा ठिपका होता, शेंदरी. दवाखान्याची आहारतज्ज्ञ आदिती हिनं आधी तो पाहिला, मग कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट. दोन्हींचं म्हणणं एकच होतं.

महिन्यात रिपोर्ट हसायला लागेल, असं तिनंच छातीठोकपणे सांगितलं होतं. रिपोर्ट हसत होता, पण तिला.

"सांगितलेलं पाळलंत ना?"

"न चुकता. रोज सकाळी कटवडा. तुम्हीच म्हणलासा की, वडा कट करा."

हातकणंगल्याला आदितीच्या जैन घरात कांदा-लसणानं कधी उंबरा ओलांडला नव्हता. कट म्हणजे मिसळीचा लालभडक रस्सा, हे तिला ऐकून माहीत होतं. पण ती बोलली तेव्हा तिच्या डोक्यात कात्री होती आणि बाळासोंच्या डोक्यात पातेलं.

एकट्यानं खाल्ला असता तर निभावलं असतं. बाळासोंनी ही पथ्याची बातमी अख्ख्या मंगळवार पेठेत पोचवली. तिथं कटवडा विकणाऱ्या चिमणाबाईंनी आपल्या हॉटेलाबाहेर फलकच लावला: 'दवाखान्यातल्या म्याडमनी सांगितलेला कटवडा'. मोठ्या डॉक्टरांनी फलकाचा फोटो आदितीसमोर धरला आणि तो आज उतरला नाही तर उद्या येऊ नका, असं अगदी हळू आवाजात सांगितलं.

शाहूपुरीत स्वतःचं क्लिनिक काढायचं तिनं वर्षापूर्वीच ठरवलं होतं. फक्त वडिलांना, तात्यासोंना, सांगायचं राहिलं होतं. तात्यासोंना ती खतांच्या दुकानात गल्ल्यावर हवी होती. जेवावं कसं हे विचारायला कोण येतंय, हा त्यांचा सवाल. आता नोकरीच गेली तर गल्ला अटळ होता.

ती तडक हॉटेलात गेली.

"फलक काढते की," चिमणाबाई म्हणाल्या, "पण ह्या लोकास्नी तुम्हीच सांगा. मला हाणतील."

आदितीनं सांगितलं. तिचा आवाज पहिल्या टेबलापर्यंतही पोचला नाही. मग ती बाकावर चढली आणि जन्मात प्रथमच ओरडली, "वडा खा म्हटलं नव्हतं, बंद करा म्हटलं होतं!"

घास हवेत थांबले. कोपऱ्यातून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं, "मग खायाचं काय?"

दवाखान्यात पेशंट तिचं बोलणं दाराकडे बघत ऐकत. इथं सगळे तिच्याकडे बघत होते. ती खाली उतरून बसली. वर कट न ओतलेली मटकीची उसळ मागवली, पाव अर्धा केला, एकाची साखर विचारली, दुसऱ्याचा रक्तदाब. बघता बघता गल्ल्यापुढची रांग तिच्या टेबलाकडे वळली. घरच्या लग्नात असल्यासारखे बाळासो रांग सांभाळू लागले. "पावणं, आधी रिपोर्ट दावा." शेवटी चिमणाबाईंनीही पदराला हात पुसत आपली शुगर सांगितली आणि फलकावरचा कटवडा पुसून तिथं उसळ लिहिली.

तेवढ्यात तात्यासोंचा फोन आला. दुकानातला पोरगा सोडून गेला होता, गल्ल्यावर कुणी नव्हतं, उद्यापासून किती वाजता येतेस एवढंच त्यांना हवं होतं. हॉटेलातला प्रत्येक कान त्या फोनला चिकटला.

आदितीनं एकदा रांगेकडे बघितलं.

"तात्या," ती म्हणाली, "मी दुकानात बसणार नाही. शाहूपुरीत माझं स्वतःचं क्लिनिक काढतेय."