आणि बुजवणार कोण?

सदाशिवपंत देवळाबाहेर कधी चपला काढत नसत, कारण ते देवळात जातच नसत. पण वाटेत कुठे खड्डा दिसला की आधी चपला काढून बाजूला ठेवायचे आणि मग काठाशी जाऊन आत बघायचे. लग्नाच्या मांडवाची मेढ पुरायचा खड्डा असो, नाहीतर दिवाणसाहेबांच्या बागेतला आंब्याच्या कलमाचा. जव्हारची पोरं त्यांना ‘खड्डेपंत’ म्हणत. ते मलाही ऐकू यायचं आणि पंतांनाही.

संस्थानचं जुन्या वास्तूंचं खातं म्हणजे पंत, त्यांच्या हाताखालचा कारकून मी आणि दार न लागणारं एक कपाट. संस्थानात जुनं काही उकरायचं, मोजायचं किंवा उचलून न्यायचं तर आमचा परवाना लागे. परवाना मागायला विद्वान क्वचित येत, स्वप्नं पडलेलेच जास्त. शिरपामाळावर शिवाजीमहाराजांचा मुक्काम झाला, म्हणजे तिथे मोहरांची घागर पुरलेली असणारच, अशी निम्म्या गावाची खात्री. पंत सगळं स्वप्न शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, “ठीक. आणि बुजवणार कोण?” या एका प्रश्नावर भल्याभल्यांची सोन्याची भूक मरायची. खणायला गाव लोटतं, बुजवायला कुत्रं फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नियमाला माणूस भलताच पक्का. परसात कपडे वाळत घालायचा खांब रोवताना जुनी वीट लागली, तर पंतांनी स्वतःलाच नोटीस काढली आणि ती बजावायला मला घरी पाठवलं. सही करून वर म्हणाले, “कालच यायला हवं होतं तुम्ही.”

असा माणूस एकदा कात्रीत सापडला. मुंबईहून एक संशोधक दरबारची शिफारस घेऊन आले. सूर्यमाळच्या अंगाला एका माळावर वीर आहेत, म्हणजे डोंगरातल्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले कोरीव धोंडे. ते उपटून संग्रहालयात न्यायचे आणि खालची जमीन खणायची, असा त्यांचा बेत. गृहस्थ सज्जन होते, कागद चोख होते. आडवा येत होता तो आमचा एकच नियम. जिथे पूजा चालू आहे तिथे कुदळ लावायची नाही.

आम्ही तिघं तपासणीला वर चढलो. धोंड्यांवरचं शेवाळ वाळून काळं पडलं होतं. शेंदराचा ठिपका कुठे नव्हता. शेजारचा पाडा कधीच उठून गेला होता. एवढ्यात खालून एक म्हातारी धापा टाकत आली. तिचं नाव बुधी.

“हा माझा सासरा, हा नवरा, आन् हा पोऱ्या,” तिने एकेका धोंड्याची ओळख करून दिली. “पानी आटला, आमी खालं गेलू. यांना कसा नेवाचा?”

“मग शेंदूर का नाही लावला, आजी?” पंतांनी विचारलं.

“आमच्या घरात बाप्या लावतो शेंदूर. बाप्या कोन उरला?” तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत शेंदूर होता, ठेवून ठेवून खडा झालेला.

“मग पूजा बंद आहे, असं लिहा पंत,” संशोधक म्हणाले. ते खरंच होतं, आणि खोटं लिहायला पंतांचा हात वळला नसता. खाली धोंडे न्यायला आणलेली बैलगाडी उभी होती.

पंतांनी चपला काढल्या.

“मी चालेन का?”

बुधीने त्यांना पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं. “बाप्याच हायस ना?”

कचेरीच्या काळ्या कोटातच पंत गुडघे टेकून बसले. माझ्या तांब्यातल्या पाण्यात शेंदूर कालवून त्यांनी एकेका धोंड्याला फासला. कोपरापर्यंत लाल झाले. मग उठून म्हणाले, “आता चालू आहे.”

“ही पळवाट झाली, पंत,” संशोधक म्हणाले. “पुढच्या वर्षी कोण करणार?”

“मी.”

गाडी रिकामी गेली. एकदा तोंडातून गेलेला शब्द खोटा ठरू नये, म्हणून दिवाळी झाली की पंत दरवर्षी तो डोंगर चढू लागले. देव न मानणारा माणूस वीरांचा पुजारी झाला, म्हणून गाव हसलं. मीही हसलो, पण तेलाची बुधली घेऊन मागोमाग मला चढावं लागे आणि माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात.

एका वर्षी पूजा झाल्यावर बुधीने विचारलं, “वरसाला येतोस. तुजा कोन हाय रं यांच्यात?”

पंतांनी शेंदराचे हात गवताला पुसले.

“लेक होती. दुडूदुडू चालायला लागली होती. प्लेगात गेली. लहान पोर, म्हणून पुरली. मला तेव्हा छावणीत अडकवून ठेवलं होतं. कुठे खणलं, नीट बुजवलं की नाही, मला माहीत नाही.”

इतकी वर्षं एका टेबलाशी बसून मला याचा पत्ता नव्हता. बाजूला काढून ठेवलेल्या त्यांच्या चपलांकडे माझी नजर गेली.

उतारावरून बुधीने एक लहानसा चपटा धोंडा निवडून आणला आणि पंतांच्या हातात दिला. “हा तिचा.”

पंत खाली बसले आणि हातांनीच माती उकरू लागले. बिनपरवाना. खड्डा झाला तसा त्यांनी त्यात धोंडा उभा केला. तो दोन्ही हातांनी गच्च धरून ते बसून राहिले, सोडवेनाच त्यांना.

“आणि...” ते म्हणाले, आणि पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना.

बुधी त्यांच्या समोर बसली.

“धर नीट,” ती म्हणाली. “माती मी लोटती.”