खुशालराव पारख्यांच्या सात रेषा

माणसाच्या डोळ्यांभोवती बारीक रेषा असतात, हे घरात आरसा येईपर्यंत सिद्ध होत नाही. वऱ्हाडात तो १८६३च्या सुमारास आला. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इंग्रजांच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. सुबत्ता आली की माणूस आधी बैलांच्या शिंगांना चांदी चढवतो आणि मग स्वतःकडे पाहतो. खुशालरावांनी दोन्ही केलं, त्याच क्रमाने.

खुशालरावांचा धंदा कापूस पारखण्याचा. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी तार ओढायचा, उन्हात धरायचा आणि डोळे बारीक करून लांबी, ओल, कचरा सांगायचा. वीस वर्षं बाजार त्यांच्या शब्दावर चालला. पुरुषभर उंचीच्या नव्या आरशात त्यांना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सात रेषा दिसल्या, डाव्या कोपऱ्यात पाच. (आरशाआधी त्या नव्हत्या, असं त्यांचं ठाम मत होतं.)

"काय वं, मी म्हातारा दिसून राहिलो," ते बायकोला म्हणाले.

"बारा वर्सांपासून दिसून राहिले," माणिकबाई म्हणाल्या. "मले तर त्या रेघा पाहूनच समजते, तुमी हासून राहिले का चिडून."

हे ऐकून खुशालराव तडक पंजाबरावांकडे गेले. पंजाबराव मुंबईला जाऊन आलेले (परत का आले हे विचारायची पद्धत नव्हती) आणि बाजाराच्या तोंडाशी 'नेत्ररेखाहर लेप' विकत. लेपात साय, चंदन आणि सरकीचं तेल. सोबत छापील पथ्य: उन्हाकडे पाहू नये, कोणतीही वस्तू निरखू नये, हसू नये. गुण न आल्यास पथ्य मोडलं असं समजावं.

खुशालराव शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून ते सावलीत बसले, डोळे सताड उघडे ठेवून, आणि समोर येईल त्या कापसाला न पाहता "उत्तम" म्हणू लागले. पाणी मारलेला कापूस उत्तम ठरला, माती मिसळलेला उत्तम. एका पोत्यात खलबत्त्यातला बत्ता निघाला, तोही उत्तम. भाव असे चढले होते की घेणाऱ्यालाही पाहायला सवड नव्हती. पूर्वी बाजारात दिवसाला दहा तंटे होत, ते शून्यावर आले. ही प्रगती पाहून बाजारातल्या बाकी पारख्यांनी, आणि ऐकून अकोल्याच्या पारख्यांनीही लेप मागवला. खुशालरावांच्या रेषा सातच्या तीन झाल्या. माणिकबाईंना मात्र आता जेवण वाढताना विचारावं लागे, "भाजी खारट झाली का बरी हाये?" ते म्हणत, "उत्तम."

मग १८६५ उजाडलं. लढाई संपली, भाव कोसळले, आणि घेणाऱ्यांचे डोळे एकदम उघडले. मुंबईचा एक दलाल स्वतः बाजारात येऊन उभा राहिला. त्याच दिवशी अंजनगावच्या मनकर्णाबाई कोणाच्या तरी बैलबंडीत बसून कापसाचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. नवरा नाही, शेत एवढंसं. पण कापूस काडीकचरा वेचून हातानं निवडलेला.

"उत्तम," खुशालराव म्हणाले.

"भाऊ, तुमी पाह्यलंच नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्या बाजूच्या ओल्या कापसालेबी उत्तमच म्हनलं. मंग मी निवडला कावून?"

खुशालरावांना कोणी कानशिलात लगावल्यासारखं झालं. ते उठले, उन्हात आले, तार ओढला आणि डोळे बारीक केले. लेपाला तडे गेले. तार लांब निघाला, कोरडा, स्वच्छ. दोन वर्षांत असा कापूस त्यांनी पाहिला नव्हता. (कोणताच पाहिला नव्हता.)

"हा खरा उत्तम," ते दलालाला म्हणाले.

दलालाने कापसाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "ज्याच्या डोळ्यांभोवती धड रेघ नाही, त्याने आयुष्यात कापूस काय पाहिला असणार?"

त्याने सगळा बाजार पालथा घातला. पारखी पुष्कळ, पण सगळ्यांचे डोळे गुळगुळीत. अखेर एक माणूस सापडला, ज्याच्या कोपऱ्यांत रेषांचं दाट जाळं होतं. ते पंजाबराव. त्यांनी लेप कधी लावला नव्हता, आणि गिऱ्हाईकाची पाठ वळली की ते पोट धरून हसत. दलालाने त्यांनाच पारखी नेमलं. पंजाबरावांनी मनकर्णाबाईंचं गाठोडं नुसतं दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "साधारण."

मनकर्णाबाईंनी गाठोडं बांधलं आणि आल्या बंडीने परत गेल्या.

खुशालराव दुसऱ्या दिवसापासून आपल्या अंगणात भर उन्हात कापसाचा तार धरून बसू लागले. पारख करायला कोणी येत नसे. चार महिन्यांनी माणिकबाई ताट ठेवताना थबकल्या, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज भाजी खारट झाली, नाई का?" खुशालराव हसले. कोपऱ्यापर्यंत.

ही हकीकत पुष्कळांनी ऐकली आहे. मनकर्णाबाईंच्या त्या कापसाचं पुढं काय झालं, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. सगळे विचारतात ते एवढंच, की सातच्या तीन व्हायला नेमके किती दिवस लागले. आपणही त्यासाठीच थांबला आहात, तेव्हा नोंद असावी: सदतीस.